वारा येऊन गेला, पाणी यायचं आहे : अलिबाग ते दापोली, किनाऱ्याकिनाऱ्याने

गुरुवार : मांडवा, किहीम, अलिबाग

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने गाडीसकट निघालं की तासाभरात मांडवा. २०२० च्या मार्चमध्ये ही सेवा सुरू झाली आणि अलिबाग मुंबईच्या अगदी हाताशी आलं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ३ जून २०२० रोजी दुपारी, निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या थोडं दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३० पर्यंत. त्या वादळाने अलिबागपासून दापोलीपर्यंतचा जो पट्टा झोडपला, तो मला सलग बघायचा होता. काय पडलं ते तेव्हा वर्तमानपत्रांत वाचलं होतं. पडलेल्याच्या जागी काय उभं राहिलं, ते कुणी फारसं लिहीत नाही.

सोबत मावसभाऊ आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. इमारतींचे आराखडे तपासण्यात त्याची हयात गेली. कुठेही गेला तरी तो आधी जोत्याकडे बघतो, मग घराकडे.

मांडवा, सासवणे, आवास, किहीम. या रस्त्यावर समुद्राकडच्या बाजूला उंच भिंती आणि लोखंडी फाटकं लागतात. किनाऱ्यावर असूनही समुद्र दिसत नाही, भिंतींवरून माडांचे शेंडे तेवढे दिसतात. किहीमला हिरे व्यापारी नीरव मोदी यांचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला गेला, तो याच किनाऱ्यावर. किनारा नियमन क्षेत्राच्या, म्हणजे सीआरझेडच्या, नियमांचा भंग करून तो बांधलेला होता. तो इतका भक्कम होता की नुसत्या यंत्रांनी पडेना. नियम मोडणारं बांधकाम हे बहुधा कच्चं, चोरून केलेलं असणार अशी आपली समजूत असते. इथे ती पार चुकते.

नियमांची गोष्ट इथेच सांगून टाकते, पुढे सारखी लागणार आहे. १९९१ मध्ये पहिली सीआरझेड अधिसूचना आली. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा नियमनाखाली आला आणि ग्रामीण किनाऱ्यावर त्यातले पहिले २०० मीटर नव्या बांधकामाला बंद झाले. २०११ मध्ये दुसरी अधिसूचना आली, जानेवारी २०१९ मध्ये तिसरी. या तिसरीने, जिथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त आहे अशा ग्रामीण भागात, ते २०० मीटर ५० वर आणले. खाडीकाठची १०० मीटरची मर्यादाही ५० झाली. पर्यटनासाठी तात्पुरत्या सोयी तर भरतीरेषेपासून १० मीटरवर चालतील असं ठरलं. रेषा समुद्राच्या दिशेने सरकली. समुद्र मात्र उलट्या दिशेने सरकतो आहे.

अलिबागच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जत्रा असल्यासारखी गर्दी होती. आम्ही लवकर झोपलो.

शुक्रवार : रेवदंडा, मुरुड, आगरदांड्याची फेरी

साळावच्या पुलावरून कोर्लई, काशीद, मुरुड. हा रस्ता सगळ्यांनी पाहिलेला, वर्णन करत बसत नाही. काशीदला एक गोष्ट टिपून ठेवली. टपऱ्यांच्या रांगेमागे सुरूची जुनी झाडं उभी आहेत, पण त्यांची मुळं उघडी पडलीत, पायाखालची वाळू गेली आहे. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून सांगितलं आहे की देशाचा जवळपास एक तृतीयांश किनारा झिजतो आहे. आकडा वाचणं वेगळं आणि ज्या झाडाला टेकून बसायचं त्याची मुळं हाताला लागणं वेगळं.

आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला आलो. बोटीत दादाने मला पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या संशोधनाबद्दल विचारलं, कारण मी वाटेत त्याचा दोनदा उल्लेख केला होता. या संशोधकांनी १९८२ ते २०१९ च्या नोंदी तपासल्या. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या अलीकडच्या काळात ५२ टक्क्यांनी वाढली आहे, आणि अतितीव्र वादळांची त्याहून कितीतरी जास्त. वादळं टिकतातही जास्त वेळ. कारण समुद्राचा पृष्ठभाग तापला आहे. आपल्या आजोबांच्या काळात चक्रीवादळ म्हणजे बंगालच्या उपसागराची, आंध्र-ओडिशाची गोष्ट होती. कोकणात जून-जुलैचं उधाण यायचं, आणि त्याचा हिशेब गावाने कधीच करून ठेवला होता.

तो हिशेब दिवेआगरला उघड दिसतो. अंधार पडायच्या आत पोहोचलो.

शनिवार : दिवेआगर

पहाटे ओहोटीच्या वेळी पुळणीवर गेलो आणि समुद्राकडून गावाकडे चालत आलो. हे मुद्दाम केलं. पर्यटक गावाकडून समुद्राकडे जातो, त्याला गाव कसं रचलंय ते उलटं दिसतं.

गावाच्या एका टोकाला किनारा अजून पुष्कळसा जुना आहे. आधी ओली पुळण, मग कोरडी. मग वाळूचा चढ लागतो, त्यावर मर्यादवेल पसरलेली, जांभळी फुलं उमललेली. चढाच्या मागे केवड्याची काटेरी गर्दी, त्यात एखादं उंडीचं झाड. मग सुरूचं बन, हे मात्र माणसांनी लावलेलं. त्याच्या आत वाड्यांचे गडगे, म्हणजे दगडी बांध, सुरू होतात आणि माड-पोफळीच्या सावलीत शिरलं की वारा एकदम पडतो. वाडी लांबच लांब, अरुंद. ती संपते तिथे घराचं मागचं दार, न्हाणीघर, विहीर. घराचं तोंड रस्त्याकडे. म्हणजे अख्खं गाव समुद्राकडे पाठ करून बसलेलं आहे, आणि मध्ये एवढी आडोशांची रांग.

हे गाव नवं नाही. दिवेआगरला सापडलेला मराठी ताम्रपट शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. हजार वर्षांच्या आसपास माणसं इथे राहताहेत, समुद्राच्या इतक्या जवळ. ती राहू शकली याचं कारण ती कुठे राहिली नाहीत यात आहे.

वाळूचा तो चढ काय करतो ते दादाला समजावून द्यावं लागलं नाही, पण वाचणाऱ्यांसाठी लिहिते. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळण खातात. खाल्लेली वाळू फार लांब जात नाही, थोडी आत समुद्रातच तिचा उंचवटा होतो. मग पुढच्या लाटा त्या उंचवट्यावरच फुटतात, किनाऱ्यापर्यंत त्यांचा जोर राहत नाही. दसरा-दिवाळीनंतर शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, वेल तिला धरून ठेवते. किनारा दर वर्षी असा जातो आणि येतो. ही ये-जा चालू राहायला त्याला मोकळी जागा लागते. त्या जागेत भिंत बांधली की समुद्राला द्यायला वाळू उरत नाही, आणि तो भिंतीखालची काढायला लागतो.

आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी न्याहारीला घावन वाढता वाढता ३ जूनचा दिवस सांगितला. मी विचारलं नव्हतं. या पट्ट्यात कुणालाच विचारावं लागत नाही.

"सकाळपासनं वारा होताच. अकरानंतर आवाज सुरू झाला. पोफळी मधोमध मोडत होत्या, काडकाड, एकामागून एक. माड मुळासकट. कौलं गेली, मग वासे गेले. आम्ही माजघरात मुलांना घेऊन बसलो, देव्हाऱ्यासमोर. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती. त्या दिवशी पुजायला वड नव्हता बघा, तोही पडलेला."

मग त्या जे बोलल्या ते मी तिथेच वहीत लिहून घेतलं. "वारा पडल्यावर मागचं दार उघडलं, तर समोर समुद्र. मी या घरात लग्न होऊन आले त्याला चाळीस वर्षं झाली. मागच्या दारातून समुद्र कधी दिसला नव्हता."

वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. मोबाइल बंद. टाळेबंदी चालू, त्यात मुंबईहून आलेले चाकरमानी घरात. आठवडाभरात मृग बरसायला लागला आणि डोक्यावर ताडपत्री. पत्र्यांचे भाव वाढले ते वेगळंच. सरकारने फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार केली. ऐकायला बरं वाटतं. पण इथे वाडी हेक्टरात कुणाची असते? इथे सगळा व्यवहार गुंठ्यात. दहा गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने पाच हजार रुपये. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात निघत नाही. आणि पोफळ लावली की सुपारी हातात यायला सात-आठ वर्षं. श्रीवर्धनी रोठा या सुपारीचं नाव बाजारात कितीही मोठं असो, मधल्या सात वर्षांत घर कशावर चालवायचं?

दलाल आले ते त्यानंतरच्या हिवाळ्यात. त्यांना वाडीशी कर्तव्य नव्हतं. त्यांना हवा होता वाडीचा शेवटचा, समुद्राकडचा तुकडा, जिथून आता समुद्र दिसत होता.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत महत्त्वाचं काय वाटलं असेल तर हे. वादळाने आडोसा पाडला. पडलेल्या आडोशाची भरपाई इतकी थोडी मिळाली की तो पुन्हा उभा करणं परवडेना. आणि आडोसा नसल्यामुळेच त्या जागेला भाव आला. म्हणून ती विकली गेली आणि तिथे आता सी-फेसिंग खोल्या उभ्या आहेत. वादळाने जी जागा सगळ्यात धोक्याची म्हणून दाखवून दिली, तीच सगळ्यात महाग झाली. यात गावकऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. ज्याच्या घरावर कौल नाही त्याने पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करावा ही अपेक्षा शहरात बसून करता येते.

दुपारी एका नव्या रिसॉर्टवर चहा प्यायला गेलो. वाळूचा चढ सपाट करून हिरवळ केलेली, चिऱ्याची कुंपणभिंत थेट पुळणीला भिडलेली. मधे पोहण्याचा तलाव. त्याच्यासाठी बोअरवेल. किनाऱ्यालगत जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरचं पाणी उपसलं की खालचं खारं वर चढतं. शेजारच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं असं काकू सकाळी म्हणाल्या होत्या. माडाला थोडं खारं चालतं, पोफळीला चालत नाही.

तिथला व्यवस्थापक मुलगा गावातलाच, मोकळा आणि कामाचा. त्याने दादाला अभिमानाने सांगितलं, "साहेब, सगळा आरसीसी. स्लॅब. आता निसर्ग आलं तरी काय होत नाही."

दादा म्हणाला, "वाऱ्याने नाही होणार. पाया किती खाली आहे?"

पाया वाळूतच होता. पाच-सहा फूट.

यावर रात्री आमचं बरंच बोलणं झालं. दादाचं म्हणणं असं की निसर्गने लोकांना वारा दाखवला, पाणी दाखवलं नाही. वेळा पाहिल्या तर ते पटतं. त्या दिवशी सकाळची भरती दहाच्या सुमारास होऊन गेली होती आणि वादळ किनाऱ्यावर चढलं ते साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, म्हणजे उतरत्या पाण्यावर. चक्रीवादळ पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतं, त्याची पातळी मीटर-दोन मीटरने वर नेतं. ही वाढ भरतीच्या माथ्यावर आली तर वेगळं, ओहोटीवर आली तर वेगळं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, भरती मोठी होती. वादळाला तीन-चार तासांचं अंतर पडलं म्हणून किनारा पाण्यापासून वाचला. लोकांनी त्यातून धडा घेतला तो कौलं काढून स्लॅब घालण्याचा, कारण उडाली होती ती कौलं. घर दोनशे फूट मागे घ्यावं असं त्या दिवसाने कुणाला शिकवलं नाही. वाळूतला पाया पाण्याने उघडा पडला की स्लॅबचं वजन हाच शत्रू होतो, हे दादाने कागदावर रेघा मारून दाखवलं.

त्या मुलाला मी आणखी एक विचारलं होतं. गर्दी कधी असते? मे महिना आणि दिवाळी, तो म्हणाला, पाय ठेवायला जागा नसते. अरबी समुद्रात वादळं उठतात ती पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. फयान आलं ते ११ नोव्हेंबर २००९ ला. क्यार २०१९ च्या ऐन दिवाळीत कोकणासमोरून गेलं, ते दूर समुद्रात असूनही सिंधुदुर्गात देवबागसारख्या गावांत पाणी शिरलं. निसर्ग आणि २०२१ च्या मेमधलं तौक्ते, दोन्ही टाळेबंदीच्या काळात आली. किनारे रिकामे होते. या दोन वादळांत पर्यटक अडकले नाहीत याचं श्रेय कुठल्याही व्यवस्थेला देता येत नाही.

आणि वेळ किती मिळतो? १ जून २०२० ला समुद्रात कमी दाबाचं तीव्र क्षेत्र झालं, २ जूनच्या दुपारी त्याचं चक्रीवादळ झालं, ३ जूनच्या दुपारी ते किनाऱ्यावर. वादळाला नाव मिळाल्यापासून एक दिवस. मे महिन्यातल्या शनिवारी या अरुंद रस्त्यावरून, बोर्लीपंचतनच्या दिशेने, एवढ्या गाड्या एका दिवसात बाहेर काढायच्या. तेही झाडं आडवी पडायच्या आत.

रविवार : श्रीवर्धन, हरिहरेश्वर, वेळास

श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा आहे, त्यावर फिरायला छान रस्ता, बाकडी, दिवे. शहर आधीच काठावर असेल तर बंधाऱ्याशिवाय उपाय नसतो, हे मला मान्य आहे. बाळाजी विश्वनाथांचं हे गाव काही उचलून मागे नेता येणार नाही. पण भिंतीवर आपटलेली लाट परत जाताना समोरची वाळू घेऊन जाते, आणि भिंत जिथे संपते तिथला किनारा आधीपेक्षा जोरात झिजतो. म्हणून एका गावाला बंधारा झाला की शेजारचं गाव बंधारा मागतं. दगडांचे ट्रक चालू राहतात. नाइलाजाने केलेली ही गोष्ट आता "सुशोभीकरण" म्हणून मिरवली जाते, याचं मला वाईट वाटतं.

हरिहरेश्वरला दर्शन घेतलं. ओहोटी होती म्हणून प्रदक्षिणेच्या वाटेने गेलो. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने कातळाला जाळी पडली आहे. दगडाचं असं होतं.

बागमांडल्याहून वेसवीला फेरीबोट. सावित्रीची ही बाणकोट खाडी. पाण्यात पुलाचे अर्धवट खांब वर्षानुवर्षं उभे आहेत. रेवस ते रेडी, सुमारे ५०० किलोमीटरच्या सागरी महामार्गाचा हा एक दुवा, आणि मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळापासून या रस्त्याचं स्वप्न कोकणाला दाखवलं गेलं आहे. बोटीत एक बाई होती, आजारी सासऱ्यांना घेऊन चाललेली. फेरी चुकली तर खाडीला वळसा घालायला किती तास लागतात हे तिने सांगितलं आणि पूल नको असं म्हणायला मी धजावले नाही. पूल हवा. मात्र खाडीवरून पलीकडे नेणारा पूल आणि पुळणीला समांतर धावणारा चौपदरी रस्ता या दोन वेगळ्या गरजा आहेत. दुसरी गरज त्या बाईची नाही. रस्ता समुद्रालगत गेला की त्याच्या दोन्ही अंगाच्या जमिनीचे सातबारे वर्षभरात फिरतात. हे मांडव्याला बघून आलो होतो.

वेळासला संध्याकाळी पोहोचलो. इथलं सगळं वेगळं आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, आणि गावाने ते काम आपलं मानलं. मादी भरतीरेषेच्या वर कोरड्या वाळूत खड्डा करून अंडी घालते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात आणि समुद्रावरच्या उजेडाकडे चालत जातात. मागे हॉटेलचे झगझगीत दिवे असतील तर तिकडे वळतात. कासवाला लागणारी वाळूची पट्टी आणि वादळात गाव वाचवणारी पट्टी एकच आहे. कासवांसाठी राखलेला किनारा म्हणून गावालाही राखतो.

सूर्यास्ताच्या वेळी घरट्यावरची टोपली उचलली. सात पिल्लं होती. शे-दीडशे माणसं दोरीच्या मागे उभी होती, मुंबई-पुण्याचीच बहुतेक, आणि इतकी शांत की लाटेचा आवाज ऐकू येत होता. रात्री ही सगळी माणसं गावातल्या घरांमध्ये जेवली आणि झोपली. ओटीवर, पडवीत, माडीवर. पुळणीवर एकही खोली नाही. ज्या घरी आम्ही जेवलो तिथल्या वहिनींनी सांगितलं की कासवांच्या हंगामात त्यांच्या घराला चांगला आधार होतो. कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी, आणि हिशेब ज्याचा त्याच्या हातात.

सोमवार : केळशी, आंजर्ले, हर्णै

केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची उंच टेकडी आहे. एखाद्या चार-पाच मजली घराएवढी. डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि ही टेकडी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या त्सुनामीने आणून टाकली असावी असं मत मांडलं. त्यावर वाद असू शकतो. मला टेकडीच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर एवढंच जाणवलं की या किनाऱ्याने पूर्वी काय पाहिलंय ते आपल्या पन्नास-शंभर वर्षांच्या आठवणीत मावत नाही, आणि बांधकामाचे परवाने आपण त्या आठवणीच्या आधारावर देतो.

आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर थांबलो नाही, उन्हं चढली होती. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली जोग नदीची खाडी, माडांची रांग आणि पलीकडे सुवर्णदुर्ग दिसतो. वरून पाहिलं की नवी छपरं ओळखू येतात. निळ्या पत्र्यांची, माडांच्या पुढे आलेली.

हर्णैला संध्याकाळचा लिलाव. बोटी नांगरलेल्या, बैलगाड्या आणि छोट्या होड्या पाण्यातून ये-जा करताहेत, पुळणीवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे ढीग, आणि बोली इतक्या वेगात की कळायच्या आत माल उचलला जातो. इथली वस्ती पाण्याला अगदी खेटून आहे. दादाने विचारलं, मग यांनाही मागे हटा म्हणणार का?

नाही म्हणणार. कोळ्याला बोट दिसली पाहिजे, वारा फिरला तर उठून पाण्यात जाता आलं पाहिजे. त्याचं काठावर असणं हे त्याचं काम आहे. त्याच्यासाठी निवारा हवा, पक्की घरं हवीत, जमिनीखालून नेलेल्या वीजवाहिन्या हव्यात. चक्रीवादळ धोका निवारणाच्या राष्ट्रीय प्रकल्पातून रत्नागिरी-अलिबागसारख्या ठिकाणी असं काम हाती घेतलं गेलं, ते छोट्या बंदरांपर्यंत यायला हवं. आणि हवं सुरक्षित बंदर. एका तांडेलांनी, म्हणजे बोटीच्या कप्तानांनी, सांगितलं, "वादळाची खबर आली की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत न्यायच्या. पण खाडीच्या तोंडाला गाळ साचलाय. भरती असंल तरच आत शिरता येतं. वादळ काय भरती बघून येतं का?"

ज्याला काठावर राहावंच लागतं त्याच्या खाडीतला गाळ काढायला पैसा नसतो, आणि ज्याला काठावर राहण्याचं काहीच कारण नाही त्याच्या खोलीपर्यंत डांबरी रस्ता जातो. हर्णैच्या पुळणीवर उभं राहून हे बघताना मला राग आला. अजून आहे.

मंगळवार : मुरुड, दापोली तालुका

मुरुड म्हणजे महर्षी कर्व्यांचं गाव. आमच्या नात्यातलं एक घर इथे आहे, आजीच्या माहेरकडून. तिथले आबा ऐंशीच्या घरातले. त्यांच्या वाडीतल्या पोफळी निसर्गमध्ये गेल्या, नव्या लावल्यात त्या आता कुठे फुलोऱ्याला येताहेत. मुलगा दापोलीत नोकरी करतो. वाडीचा खालचा तुकडा विकायची बोलणी चालू आहेत. टोकन अजून घेतलेलं नाही.

जेवणं झाल्यावर आबांनी दादाला वाडीत नेलं. मीही गेले. दादाने मोजपट्टी काढली आणि गडग्यापासून भरतीच्या ओल्या खुणेपर्यंत अंतर घेतलं. आबा म्हणाले, "मी लहान असताना इथनं पुढे अजून एक ओळ उंडीची होती. आणि त्याच्यापुढे केवडा. आमचे आजोबा सांगायचे, उंडीला कोयता लावायचा नाही."

मुलगा मागून आला. तो शिकलेला आहे, सगळं समजतं त्याला. म्हणाला, "ताई, तू म्हणतेस ते खरं आहे. पण लोकांना समुद्र दिसायला हवा असतो, आणि मला घराचं छप्पर करायचंय. आबांच्या औषधांना महिन्याला किती लागतात ते विचार. वाडी राखायची ती कशाच्या जोरावर?"

मी त्याला वेळासच्या वहिनींचं घर सांगितलं. रस्त्याकडच्या माडीवर दोन खोल्या काढल्या, न्हाणीघर नीट केलं, आणि माणसांना वाडीतून चालत समुद्रावर पाठवलं, तर किती मिळू शकतं याचा आकडा त्यांच्याकडून घेऊन आले होते. तो आकडा दलालाच्या आकड्यापुढे लहानच आहे, हेही सांगितलं. मात्र तो दर वर्षी येणार आहे, आणि जमीन नावावर राहणार आहे. दादाने खालच्या तुकड्यावर बांधायचं झालं तर पाया किती खोल न्यावा लागेल आणि त्याला किती खर्च येईल याचा अंदाज दिला. तो ऐकून दोघंही गप्प झाले. विकत घेणारा तेवढा खोल पाया घालणार नाही हे आम्हा चौघांनाही माहीत होतं.

आबांनी उंडीची रोपं कृषी विद्यापीठात मिळतील का ते विचारलं. मुलाने उत्तर दिलं नाही. थोड्या वेळाने त्याने मोबाइल काढला आणि वेळासच्या त्या घरचा नंबर मागितला. हंगाम संपायच्या आत एक रविवार जाऊन बघून येतो म्हणाला, आणि त्यानंतरच दलालाला काय ते कळवीन.